निरूपणाची वाट: मराठी मुलखातील ख्रिस्ती मंडळी आणि मंडळीबाहेरचा श्रोता

आपल्या श्रद्धेचा निरोप त्या श्रद्धेबाहेरच्या माणसापर्यंत पोहोचवणे हे ख्रिस्ती परंपरेत हौसेचे काम मानलेले नाही; मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस येशू आपल्या शिष्यांना सर्व राष्ट्रांत जाण्याची जी आज्ञा देतो, ती कॅथलिक असोत की प्रोटेस्टंट, सर्वच पंथांनी आपापल्या परीने बंधनकारक मानली आहे. ‘सुवार्ता’ किंवा ‘शुभवर्तमान’ या शब्दांचा अर्थच चांगली बातमी असा होतो आणि ज्याला ती ठाऊक नाही त्याला सांगितली तरच बातमीला बातमीपण असते. त्यामुळे ही बातमी सांगावी की नाही यावर ख्रिस्ती मंडळींत फारसा वाद झाला नाही, मात्र ती कोणत्या भाषेत, कोणत्या चालीवर, कोणाच्या ओसरीवर बसून सांगावी आणि ऐकणाऱ्याकडून त्या बदल्यात काय मागावे, यावर वाद झाले आणि अजूनही होतात.

मराठी मुलखात या प्रश्नांची उत्तरे चार शतके शोधली जात आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या सव्वाअकरा कोटी लोकसंख्येत ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून थोडे कमी होते, तर साडेचार शतके पोर्तुगीज अंमल सोसलेल्या गोव्यात हे प्रमाण पंचवीस टक्के होते. शिरगणती हेच एक माप धरले तर महाराष्ट्रात मिशनच्या पदरात फारसे काही पडले नाही, असेच म्हणावे लागेल. परंतु या गणतीत न येणारा एक मोठा वर्ग आहे. त्याने प्रवचन ऐकले, मिशनच्या शाळेत धडे गिरवले, दवाखान्यात मलमपट्टी करून घेतली, पाद्र्याशी वाद घातला, काही घेतले, काही नाकारले आणि संध्याकाळी तो आपल्या घरी परतला. ख्रिस्ती मंडळीने बाहेरच्यांशी कसे बोलावे, याचे उत्तर बाप्तिस्म्याच्या नोंदवहीपेक्षा या माणसाकडे अधिक सापडते.

त्याची अडचण समजून घ्यायची तर ‘बाटणे’ या मराठी क्रियापदापाशी थोडे थांबले पाहिजे. विहिरीत कोणी पाव टाकला आणि ते पाणी गाव प्याले की गाव बाटला, अशी समजूत कोकणात आणि गोव्यात रूढ होती, आणि तीत पाणी पिणाऱ्याच्या मनात काय होते याला काडीचेही महत्त्व नव्हते. धर्म सुटणे हा ताटाचा, पाण्याचा आणि सोयरिकीचा मामला होता. एकोणिसाव्या शतकात आलेला प्रोटेस्टंट मिशनरी मात्र ज्या परंपरेत वाढला होता तीत धर्मांतर म्हणजे अंतःकरणाचे वळण होते. पश्चात्ताप आणि विश्वास ही त्याची दोन पावले, आणि पाण्याने होणारा बाप्तिस्म्याचा विधी ही त्या आतल्या बदलाची जाहीर खूण. मिशनरी सांगत होता की येशूवर विश्वास ठेव, आणि समोरच्याला ऐकू येत होते की आईच्या हातचे जेवण सोड. पुढे नवख्रिस्ती माणसाला घरातून काढले जाई, मिशन त्याला आसरा म्हणून आपल्या आवारात खोली आणि पोटापाण्यासाठी नोकरी देई, आणि ज्याला लोक ‘मिशन कंपाउंड’ म्हणत त्या भिंतीआड एक वेगळीच वस्ती उभी राही. आश्रयासाठी बांधलेल्या या भिंतीमुळे आतला माणूस सुरक्षित झाला खरा, पण ज्यांच्यापर्यंत तो आपली नवी श्रद्धा पोहोचवू शकला असता ते त्याचे आप्त आणि शेजारी कायमचे भिंतीपलीकडे गेले.

या गुंत्याची पहिली मोठी जाण ज्याला आली असे म्हणता येईल तो इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा धर्मगुरू, फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आला आणि सासष्टी भागात त्याने उरलेले आयुष्य काढले. तेव्हाच्या गोव्यात धर्मप्रसाराच्या पाठीशी राज्यसत्ता होती, देवळे पाडली गेली होती आणि १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्माचरणाची चौकशी करून शिक्षा देणारे न्यायालय, काम करू लागले होते. १५८३ साली कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले, त्याचा सूड म्हणून पोर्तुगिजांनी गावच्या पुढाऱ्यांना मारले, आणि हे सारे स्टीफन्सच्या डोळ्यांसमोरच्या सासष्टीत घडले. अशा जागी बाप्तिस्मा झालेले लोक नावाने आत आणि मनाने बाहेर असणे स्वाभाविक होते. त्यांची पुराणे त्यांच्याकडून काढून घेतली गेली होती, पण पुराण ऐकण्याची त्यांची सवय कोण काढून घेणार? स्टीफन्सच्या काव्यात धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर श्रोता पाद्री-गुरूला नेमके हेच विचारतो की जुनी पुराणे गेली, तर त्यांच्या जागी ऐकायला आम्हाला काय देता. आणि सारा ग्रंथ त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभा राहतो.

१६१६ साली राशोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराण’ या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, आणि बायबलच्या जुन्या व नव्या करारांना धरून त्याची दोन पुराणे केलेली आहेत. देवनागरीचे खिळे हाताशी नसल्यामुळे मजकूर रोमन लिपीत छापावा लागला, परंतु छपाईची लिपी परकी असली तरी घडण देशी होती: आरंभी ईश्वराला नमन, मग ग्रंथाचे प्रयोजन, मराठीची थोरवी सांगणाऱ्या ओव्या, अधूनमधून श्रोत्याच्या शंका आणि गुरूची समजूत. स्वर्गाला हा कवी सरळ ‘वैकुंठ’ म्हणतो. या एका शब्दात त्याच्या पद्धतीचे बळ आणि धोका दोन्ही साठवले आहेत, कारण ‘वैकुंठ’ म्हटल्याबरोबर ऐकणाऱ्याच्या मनात सुखाचे, अंतिम विसाव्याचे आणि ईश्वराच्या सहवासाचे जे चित्र उमटते ते कोणत्याही नव्या शब्दाने उमटले नसते, मात्र त्याच चित्रात शेषशायी विष्णूही आपल्या जागी असतो. शब्द उसना घ्यायचा आणि त्यातला जुना रहिवासी हळूहळू बाहेर न्यायचा, हा खेळ प्रत्येक भाषांतरकाराला खेळावा लागतो. स्टीफन्स तो ज्या सफाईने खेळला ती सफाई पुढच्या तीन शतकांत क्वचितच दिसली. गोड ओवीमागे किल्ल्यावरची तोफ उभी होती हे मात्र विसरता येत नाही, आणि त्याच सत्तेने १६८४ साली स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढून स्टीफन्सने उघडलेली वाट आपल्याच हाताने बुजवायला घेतली.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा परिस्थिती अगदी उलटी होती. ईस्ट इंडिया कंपनीला धर्मप्रसारामुळे आपल्या व्यापारात विघ्न येईल अशी धास्ती होती आणि तिने त्यांना परत धाडण्याचा घाट घातला होता. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण करताना मिशनऱ्यांना दार उघडले म्हणून त्यांचा पाय टिकला. ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या संस्थेने पुढे १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले. रस्त्याच्या कडेला उभे राहून केलेल्या प्रवचनांचा सुरुवातीच्या दशकांत नाव घेण्याजोगा परिणाम झाला नाही, पण त्यांच्या शाळांचा झाला, आणि तो त्यांनी कल्पिला नव्हता अशा दिशेने झाला. १८२७ साली आलेल्या सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिकेने मुंबईत व नंतर अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी नगरच्या या शाळा पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे प्रशिक्षणही फॅरारबाईंकडे झाले. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. तरी मिशनने मराठी समाजाला दिलेल्या निरोपाचे सर्वांत दूरवर गेलेले उत्तर शोधायचे तर ते बाप्तिस्मा न घेतलेल्या या दाम्पत्याच्या कामात सापडते.

१८४२ साली अहमदनगरहून निघालेल्या ‘ज्ञानोदय’ या पत्राचीही हीच गत. नावात ख्रिस्त नाही, ज्ञान आहे. धर्मचर्चेबरोबर भूगोल, खगोल, शोध आणि बातम्या असा मजकूर ते देई, आणि ज्याला पाद्र्याचे प्रवचन ऐकताना कोणी पाहू नये असे वाटे तोही हे पत्र घरात बसून वाचू शके. छापील कागदाचा हा गुण मिशनऱ्यांनी लवकर ओळखला: वाचणारा एकटा असतो, जातीच्या पंचांसमोर उभा नसतो. बाबा पदमनजींची १८५७ मधली ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी विधवांच्या स्थितीवर लिहिलेली होती, आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिची नोंद करताना ती ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या हेतूने लिहिली गेली ही गोष्ट पुष्कळदा तळटीपेत जाते.

वादविवादांचा मार्ग त्या मानाने वांझ ठरला. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३० च्या सुमारास मुंबईत पंडितांशी जाहीर चर्चा केल्या, मोरभट्ट दांडेकरांनी त्यांना ग्रंथातून उत्तर दिले, आणि १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद मुंबईच्या समुद्रकिनारी गर्दीसमोर रंगले. जॉर्ज बोवेन यांनी त्या वादांचे पुस्तकही काढले. दोन्ही बाजूंचे लोक आपलाच पक्ष जिंकला अशा खात्रीने घरी गेले. अशा सभेत ऐकणारा हा श्रोता राहत नाही, तो कुस्तीच्या आखाड्याभोवतीचा प्रेक्षक होतो आणि आपल्या तालमीच्या पैलवानाची पाठ मातीला लागली तरी ती लागल्याचे कबूल करत नाही. या वादांचा एक फायदा झाला, तो हिंदू पक्षाला: आपल्या धर्माची मांडणी सोप्या मराठीत, मुद्देसूद आणि सर्वांसमोर करण्याची सवय लागली.

मंडळीच्या आतही एक अडचण होती आणि ती कानाला लगेच जाणवणारी होती. उपासनेत गायची गीते बहुधा इंग्रजी गीतांची भाषांतरे असत आणि ती मूळच्या पाश्चात्त्य चालींवर बसवलेली असत. इंग्रजी भक्तिगीतांचा एक नेहमीचा साचा आठ, सहा, आठ, सहा अशा अक्षरांच्या ओळींचा आहे, आणि त्यात एकाआड एक अक्षरावर आघात पडतो. मराठीत असा आघात नाही. तिचे वजन लघु-गुरूवर, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ उच्चारांवर चालते. त्यामुळे भाषांतरित ओळ गाताना चाल नको त्या ठिकाणी जोर देई, ऱ्हस्व अक्षर ताणले जाई, दीर्घ अक्षर गिळले जाई, आणि बाहेरून जाणाऱ्या माणसाला शब्द मराठी असूनही गाणे परके वाटे. याउलट सहा, सहा, सहा, चार अक्षरांचा अभंग, ज्याचा दुसरा आणि तिसरा चरण यमकाने बांधलेला असतो, तो निरक्षर शेतकऱ्याच्याही जिभेवर होता. कृष्णराव रत्नोजी सांगळे यांच्यासारख्या अहमदनगरच्या ख्रिस्ती कवींनी देशी चालींवर पदे रचली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या मंडळीने आणखी एक पाऊल पुढे टाकून कीर्तन उचलले.

कीर्तनाची रचना या कामाला किती सोयीची आहे हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. नारदीय कीर्तनात नमनानंतर एखादा अभंग निरूपणाला घेतात; पूर्वरंगात त्यातील तत्त्व उलगडतात, मध्ये नामघोष होतो, आणि उत्तररंगात तेच तत्त्व एखाद्या आख्यानातून, म्हणजे गोष्टीतून, डोळ्यांसमोर उभे करतात. या सांगाड्यात पूर्वरंगाला क्षमेचा विषय आणि उत्तररंगाला बायबलमधला उधळ्या पुत्राचा दृष्टांत घातला, की बापाकडून वाटणी मागून परदेशी गेलेला, सर्व उधळून डुकरे राखण्याची पाळी आलेला आणि शेवटी घराकडे पाय वळवणारा धाकटा मुलगा गावच्या ओळखीचा होतो. वाटणीचे भांडण कोणत्या वाड्यात नसते? बुवा उभा राहून हातवारे करतो, पेटी आणि मृदंग साथीला असतात, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मुले पुढे, आणि कोणालाही आत येताना आपले नाव सांगावे लागत नाही. चर्चच्या दारातून आत जाणे ही एक जाहीर कृती होती, तर पारावरच्या कीर्तनाला मागे उभे राहणे ही नव्हती. ऐकण्याला काही किंमत मोजावी लागू नये, ही सोय कीर्तनाने करून दिली.

या साऱ्या धाग्यांचा पीळ एका माणसाच्या आयुष्यात बसला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली चित्पावन ब्राह्मण घरात जन्मलेले नारायण वामन टिळक रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाकडून मिळालेला नवा करार वाचत ख्रिस्ताकडे वळले आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना हा आघात कसा सोसावा लागला आणि पाच वर्षांनी त्या स्वतः त्या श्रद्धेपर्यंत आपल्या पायांनी कशा चालत आल्या, हे त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्या मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. ‘बाटणे’ या शब्दाचा घरातला अर्थ इतक्या मिश्कीलपणे आणि इतक्या दुखऱ्या जागेवरून दुसऱ्या कोणी लिहिलेला नाही. टिळकांनी मंडळीला शेकडो गीते दिली, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग सांभाळला आणि ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले, जे त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो अशी त्यांची भूमिका होती. पूल या प्रतिमेत एक गोष्ट गृहीत असते: पलीकडे गेल्यावर तो कोणी मोडून टाकत नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. परदेशातून येणाऱ्या पैशावर चालणारी, परदेशी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालची आणि पाश्चात्त्य रीतीभातीची मंडळी हिंदी माणसाच्या मनाला आपली वाटणार नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसमाज सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशीच ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या पण बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही होती. मंडळीच्या शिस्तीच्या दृष्टीने ही कल्पना अडचणीचीच, कारण ख्रिस्ती धर्मशास्त्रात बाप्तिस्मा हा मंडळीत प्रवेश करण्याचा संस्कार आहे आणि तो वगळला तर आत कोण व बाहेर कोण हे ठरवायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो. टिळकांना तो प्रश्न उभा राहायलाच हवा होता. ‘बाटणे’ आणि ‘विश्वास ठेवणे’ यांची गाठ सोडवण्याचा मराठीत झालेला हा सर्वांत धीट प्रयत्न म्हणावा लागेल. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. मंडळीने त्यांची गीते ठेवली, कल्पना ठेवली नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या चर्चेत वेगळ्याच बाजूने येते. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले, आणि तिथे धर्माच्या बाबतीत कोणावर दबाव आणला जाणार नाही असे समाजाला सांगितले गेले होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली तिथे जाऊन बसत. त्यांना हाकलून देणे रमाबाईंना मान्य नव्हते. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. उघडे दार म्हणजे आमंत्रण की केवळ उघडे दार, यावर दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे बोलता येते. आश्रितेच्या मनावर आश्रयदात्याच्या प्रार्थनेचे वजन पडतेच, हे टीकाकारांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि विधवेला स्वतःचे मन असते हे रमाबाईंचे म्हणणे तर त्याहून खरे होते.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद एकटीने केला, आणि तो ज्या छापखान्यात तयार झाला तिथे खिळे जुळवणाऱ्याही मुक्तीतल्याच स्त्रिया होत्या. स्टीफन्सने ‘वैकुंठ’ घेतले. वेदशास्त्रात मुरलेल्या रमाबाईंनी नेमके असे शब्द टाळले, कारण त्यांच्यामागे कोणत्या कथा आणि कोणती दर्शने चालत येतात हे त्यांना स्टीफन्सपेक्षा कितीतरी अधिक ठाऊक होते, आणि शिवाय संस्कृतप्रचुर मराठी दुष्काळातून आलेल्या खेड्यातल्या बाईला कळत नव्हती. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. बाहेरच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलावे म्हणताना ती भाषा पुराणिकाची की चुलीपुढची, असा प्रश्न त्यांच्या अनुवादाने मराठी मंडळीपुढे ठेवला आहे. शब्दांची ही विविधता आजही शिल्लक आहे: प्रोटेस्टंट लोक जिला ‘मंडळी’ म्हणतात तिला कॅथलिक ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात, आणि वसईचा कॅथलिक शेतकरी रविवारी ‘मिस्सा’ला जातो.

दुष्काळाचा उल्लेख आला म्हणून त्याचीही बाजू सांगितली पाहिजे. १८७६ ते १८७८ आणि नंतर शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुष्काळांत नगर जिल्ह्यात आणि आसपास महार-मांग समाजातील माणसे मोठ्या संख्येने मंडळीत आली, आणि पोटासाठी धर्म सोडल्याचा आरोप त्यांच्यामागे लागला. या आरोपात एक सोयीस्कर विसर आहे: ज्या गावाने त्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्या गावाचा धर्म त्यांनी ‘सोडला’ असे म्हणताना तो त्यांना कधी पुरता दिला होता का, हे कोणी विचारत नाही. तरीही अन्न आणि उपदेश एकाच हाताने दिले की घेणाऱ्याचा होकार कशाला होता हे कोणालाच, कदाचित त्यालाही, नक्की सांगता येत नाही, आणि मंडळीला ही शंका दीर्घकाळ पुरली. दवाखान्यांनी या बाबतीत अधिक मोकळी वाट दाखवली. १८८९ मध्ये आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत उभारलेल्या रुग्णालयाचे दक्षिण महाराष्ट्राच्या खेडोपाडी नाव झाले. तिथे येणारा रोगी बरा होऊन आपल्या धर्मासह घरी जाई. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दाम्पत्याने जामखेडला गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, तेव्हा उपचार करणारी आणि करून घेणारी यांच्यातले आश्रयदात्याचे नातेच बदलले.

मंडळीबाहेर पडलेले पडसाद मोजायला कोणतीही नोंदवही पुरत नाही. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने आठवड्याची सामुदायिक उपासना आणि तीत प्रवचन हा परिपाठ घेतला, तुकोबांचे अभंग आपलेच ठेवले. विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला युनिटेरियन, म्हणजे ईश्वराचे एकत्व मानणाऱ्या उदार ख्रिस्ती, लोकांच्या महाविद्यालयात शिकून आले आणि १९०६ मध्ये अस्पृश्यतानिवारणासाठी काढलेल्या संस्थेच्या इंग्रजी नावात त्यांनी ‘मिशन’ आणि मराठी नावात ‘मंडळी’ हे शब्द बिनदिक्कत घातले. उलट दिशेनेही ये-जा झाली: अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट आणि स्कॉटिश मिशनचे निकोल मॅकनिकल यांनी मराठी संतांची इंग्रजी भाषांतरे केली, आणि टिळकांचे चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ हा आश्रम काढला. सांगायला आलेल्यांपैकी काही जण ऐकायला बसले, आणि त्यांचे हे बसणे पाहून लोक त्यांचेही थोडे ऐकू लागले.

कॅथलिक चर्चमध्ये हे वळण अधिकृतपणे आले ते १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासनेला परवानगी मिळाली, आणि २८ ऑक्टोबर १९६५ रोजीच्या जाहीरनाम्यात इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा चर्च अव्हेर करत नाही असे स्पष्ट झाले. ‘संवाद’ हा शब्द तेव्हापासून कॅथलिक बोलण्यात रुळला. समोरच्याला आपल्याकडे ओढण्याआधी त्याला समजून घ्यावे आणि दोघांच्या गावाची कामे दोघांनी मिळून करावीत, असा त्याचा ढोबळ अर्थ. भारतात या शब्दाला कायद्याचीही चौकट आहे. संविधानाचे पंचविसावे कलम धर्माचे आचरण आणि प्रसार यांचे स्वातंत्र्य देते, मात्र प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात दिला. सांगणे सांगणाऱ्याचे, ठरवणे ऐकणाऱ्याचे, अशी ही विभागणी कागदावर सरळ दिसते, प्रत्यक्षात ती रमाबाईंच्या उघड्या दाराइतकीच वादाची आहे.

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी या संवादाला मराठीत घर दिले. ‘सुवार्ता’ हे धर्मप्रांताचे नियतकालिक त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ संपादले आणि त्यात मंडळीबाहेरच्या लेखकांना व विषयांना इतकी जागा दिली की ते वसईच्या समाजाचेच व्यासपीठ झाले. वसईच्या बागायती, विहिरी आणि हिरवा पट्टा वाचवण्याच्या आंदोलनात ते पुढे होते, आणि त्या लढ्यात पाणी हिंदूचे की ख्रिस्त्याचे असा प्रश्न निघाला नाही. टिपांसह केलेल्या त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि बायबल हे मराठी वाचकाच्या कपाटात ग्रंथ म्हणून उभे राहिले. २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा एका धर्मगुरूला हा मान का, असा विरोध काही गटांकडून झाला. जानेवारीत संमेलन उस्मानाबादला ठरल्याप्रमाणे भरले. प्रकृती बरी नसतानाही फादर दिब्रिटो उद्घाटनाला आले आणि त्यांनी आपले अध्यक्षीय भाषण केले. मंडप ज्या नगरीत उभा होता तिला नाव तेरच्या संत गोरोबाकाकांचे होते.